पेशंटच्या घरचं मोठं माणूस

बाई पेशंटला "कळलं का?" असं कधी विचारायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "मी आता तुमच्या तोंडात काय करणार आहे, ते मला सांगा."

माणसं गडबडून जायची. डॉक्टरनं सांगायचं आणि आपण मान हलवायची, एवढंच त्यांना ठाऊक. मोरगावकडची एक आजी होती. वरची सुळ्यामागची दाढ किडून पार आत मोडली होती, हिरडी कापूनच काढावी लागणार होती. बाईंनी सगळं समजावलं आणि नेहमीप्रमाणं स्टूल पुढं ओढून बसल्या. "आता तुम्ही सांगा, आजी."

आजीनं पदर सावरला. "तुमी सुई टोचनार. दाढ काढनार. टाकं घालनार. आन् माझा ह्या बाजूचा डोळा जानार."

"डोळा कशाला जाईल? डोळ्याचा काही संबंध नाही."

"मग ह्यो येवडा मोठा कागुद कशापायी?"

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाहेर बाकावर माणसं खोळंबलेली. शेवटी आजीच कंटाळली. "बरं बाय, न्हाय जायचा डोळा. आन् गेलाच, तर दुसरा हाय की." बाई हसल्या, पण संमतीच्या कागदावर अंगठा घेतला नाही. "नाही आजी, 'गेलाच तर' नाही. डोळा जाणार नाही, हे तुम्हाला पटल्याशिवाय मी हात लावणार नाही." आजी दुसऱ्या आठवड्यात आली, तेव्हा अंगठा झाला.

साक्षीदाराच्या सहीची तर वेगळीच तऱ्हा. आमच्याकडं येणारे बरेचसे ऊसवाले. सोसायटीच्या कागदावर सह्या करून हात बसलेला. कागदाखाली दुसरं नाव लिहायचं म्हटलं की हा जामीन, अशी त्यांची पक्की समजूत. "बाई, मी आधीच दोघांना जामीन हाय, माझी सही चालायची न्हाय," म्हणून एक गृहस्थ बायकोला खुर्चीत तशीच सोडून जिना उतरायला लागले होते. त्यांना मी निम्म्या जिन्यात गाठलं. "अहो, बायकोला जामीन नाही राहायचं, नुसतं पाहिलं म्हणून लिहायचंय," असं सांगितलं, तर म्हणाले, "बायकूला जामीन? त्ये तर लगीन झाल्यापास्नं हायच."

मी त्या दवाखान्यात सहा-सात वर्षं होते. मी मूळची गुहागरकडची. सातवीतनं शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्याला कारखान्यावर फिटरचं काम लागलं म्हणून बारामतीला आले. इथं समुद्र नाही, ओळखीचं झाड नाही, बोललेलं निम्मं कळायचं नाही. कडेवर मुलगी. माहेरी पत्र टाकलं की उत्तराला पंधरवडा जायचा. नवरा दोन महिने आजारी पडला, तेव्हा घरमालकीण मला या बाईंकडं घेऊन गेली. त्यांना हत्यारं उकळायला आणि पेशंटला हाक मारायला बाईमाणूस हवं होतं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "रक्त बघून चक्कर येते का?" मी म्हटलं, "माहीत नाही." "खरं बोललीस," त्या म्हणाल्या. "उद्यापासून ये. मुलीला आणलंस तरी चालेल." ते उपकार मी विसरले नाही. विसरता आले असते तर पुढच्या काही गोष्टी मला सोप्या गेल्या असत्या.

बाई म्हणजे डॉक्टर कुमुदिनी. पण हे नाव फक्त पाटीवर. गावात सगळे दातवाल्या बाईच म्हणायचे. भिगवण रस्त्याला बियाण्यांच्या दुकानावर वरच्या मजल्यावर दवाखाना. चाळिशीच्या, उंच, एकट्या राहणाऱ्या. स्वतःचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, म्हणून हसताना ओठ मिटून हसायच्या. "दातवाल्या बाईचाच दात वाकडा," असं कुणी म्हटलं की म्हणायच्या, "मला माझ्यासारखी डॉक्टर मिळाली नाही." जेवण उभ्यानं, खिडकीशी. "काळजी करू नका" हे शब्द त्यांना चालायचे नाहीत. मी एकदा सवयीनं एका पेशंटला म्हणाले, तर मागून आवाज आला, "का करू नये? जबडा त्यांचा आहे."

पण बाई पहिल्यापासून अशा नव्हत्या. मी आले तेव्हा त्या भरभर काम करायच्या, आणि दवाखाना भरलेला असायचा. आणि तेव्हा माझी एक हाक ठरलेली होती. साधा दात काढायचा असेल तर नाव घेऊन बोलवायचं. ऑपरेशन असेल तर मी दारात उभी राहून विचारायची, "पेशंटच्या घरचं मोठं माणूस कोण? आत या." सासरा, थोरला भाऊ, नवरा, कुणीतरी उठायचं. बाई त्याला सगळं समजावायच्या, तो सही करायचा, आणि मग पेशंटला आत घ्यायचं. सगळीकडं असंच चालायचं. पेशंटलाही ते बरं वाटायचं. आपल्यावतीनं मोठं माणूस बोलतंय, आपण कशाला मधे तोंड घाला?

भिवा आला तो असाच. सणसरच्या पलीकडं, कालव्याच्या चारीच्या कडेला त्यांची वस्ती. वडलांच्या काळात मेंढरं घेऊन हिंडणारं घर. पाणी आलं तसा ऊस आला. दोघं भाऊ. थोरले तात्या आणि धाकटा भिवा. कारखाना, सोसायटी, सोयरीक, सगळीकडं बोलायला तात्या. भिवाच्या वाटणीला राहिलेली वीस-पंचवीस मेंढरं आणि गप्प बसणं. तात्यांनी त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

भिवाची खालची अक्कलदाढ आडवी झोपली होती, सारखी सुजायची. मी हाक मारली. तात्या उठले, फेटा नीट केला, आत गेले. भिवा बाकावर गाल धरून बसून राहिला. बाईंनी फोटो उजेडावर धरून तात्यांना दाखवला. दाढेच्या मुळाला लागून एक शीर जाते. ती दुखावली तर खालचा ओठ आणि हनुवटी अर्धी बधिर राहू शकते. कुणाची काही महिन्यांनी सुधारते, एखाद्याची कायमची जाते. सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मी तिथंच उभी होते.

"तुमी करा, बाई," तात्या म्हणाले. "त्याची दुखन्यातनं सुटका झाली म्हंजी झालं."

"त्यांना हे सांगाल ना?"

"मी सांगतो की."

बाहेर जाऊन ते भिवाला म्हणाले, "चल." एवढंच. मला ते ऐकू आलं होतं. मला वाटलं, घरी बोलले असतील. बाईंना वाटलं, बाहेर बोलले असतील. ऑपरेशन नीट झालं. दाढ तुकड्यांनी निघाली. बाईंचा हात कुठं चुकला नाही, असं पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनीही नंतर फोटो बघून सांगितलं. पण शीर दुखावली.

टाके काढायला भिवा आला, तेव्हा ओठ बधिरच होता. बाईंनी सुईच्या टोकानं तपासलं, गोळ्या दिल्या, महिन्यानं बोलावलं. तो आलाच नाही. आला तो पाच-सहा महिन्यांनी, ओठाला काळे-लाल चट्टे घेऊन. बिडी ओढता ओढता शेवटपर्यंत आली, ओठ भाजला, तरी त्याला कळलं नव्हतं. बायकोला वास आला म्हणून तिनं ओढून काढली.

बाईंनी मलम लावत विचारलं, "ओठ बधिर राहील हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"सुईचा हाय न्हवं त्यो बधिरपना?" भिवा म्हणाला. "तात्या म्हनला, काही काही मान्साला सुई उतराया वेळ लागतो. दसऱ्यापातुर जाईल म्हनला."

बाईंचा हात तसाच थांबला. पेशंट गेल्यावर त्या मोरीपाशी जाऊन हात धुवायला लागल्या, आणि धूतच राहिल्या. मी नळ बंद केला.

पुढच्या सोमवारी दवाखाना बंद होता. बाई मला म्हणाल्या, "सणसरला जायचंय. चल माझ्याबरोबर." एस.टी.नं गेलो, फाट्यावर उतरून चालत वस्तीवर. तात्यांनी बाज झटकून टाकली, "बाई सोता आल्या," म्हणून बायकांना आवाज दिला. चहा आला. भिवा बशीतनं चहा प्यायला लागला आणि उजव्या कोपऱ्यातनं चहा हनुवटीवरनं खाली शर्टावर. त्याला कळलंच नाही. दारातली दोन पोरं खुसुखुसू हसली, तशी भिवानं उपरण्यानं तोंड पुसलं.

बाईंनी कप खाली ठेवला. "भिवा, तुमचा ओठ आता पहिल्यासारखा होईल असं मला वाटत नाही."

"तात्या तर म्हनला—"

"हे होऊ शकतं, हे मला ऑपरेशनच्या आधी माहीत होतं. मी ते तुमच्या भावाला सांगितलं. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही दाराबाहेर दहा पावलांवर बसला होतात. चूक माझी आहे."

भिवा बाईंकडं बघतच नव्हता. तो तात्यांकडं बघत होता.

"तुला ठावं हुतं?"

"आरं, तुझ्या भल्यासाठनंच. तू सुई बघून पळनारं मानूस—"

"ठावं हुतं का न्हाय, त्येवडं सांग."

"व्हय."

भिवानं बशी पालथी घातली. सावकाश बोलला, "आन् माझा चहा सांडला की पोरांसंगं तू बी हसायचास."

भिवा उठून मेंढरांकडं गेला. आम्ही निघालो, तेव्हा तात्या चारीपर्यंत पोचवायला आले. राग नव्हता त्यांच्या आवाजात. तो असता तर बरं झालं असतं.

"बाई, तुमी तुमचं वझं उतरून चालला. आता हितलं आमी काय करायचं?"

एस.टी.त बाई खिडकीबाहेर बघत होत्या. दोन्ही बाजूंना ऊस. बारामती आली, तशी एकदम म्हणाल्या, "सुलभा, मी कुणासाठी गेले होते गं?"

मला त्या बाकाची आठवण येत होती, आणि माझ्या हाकेची.

दिवाळीनंतर कळलं, भिवानं चूल वेगळी केली. आणि मग तेवढ्यावर थांबला नाही. बायकोमुलं आणि मेंढरं घेऊन लोणी भापकरला सासऱ्याच्या रानात राहायला गेला. तात्यांनी वाटणीचा कागद करायला माणसं बोलावली, तर तो म्हणाला, "सही तूच कर. तुला सवय हाय."

तेव्हापासून बाईंनी माझी ती हाक बंद केली. पेशंट आत, मोठं माणूस बाहेर. सासरे रागवायचे. "आमाला इचारल्याबिगर?" बाई म्हणायच्या, "तुम्हालाही सांगेन. आधी ज्याचं तोंड आहे त्याला." मग ते स्टूल आलं, ते "आता तुम्ही सांगा" आलं. एका पेशंटला जिथं दहा मिनिटं लागायची तिथं तास लागायला लागला. गावात बोभाटा झाला, "त्या बाईकडं दात काडाया गेलं की परीक्षा घेत्यात." गर्दी कमी झाली. चौकात दुसरा तरुण डॉक्टर आला, तो हसून बोलायचा, पटकन सही घ्यायचा. आमचे निम्मे पेशंट तिकडं गेले. बाईंना त्याचं काही वाटलं, असं दिसलं नाही. पण कुणी चहा पिताना कप जरा वाकडा धरला की त्या मान वळवायच्या.

माझ्याच जबड्यात गाठ निघाली ती याच काळात. खालच्या पुढच्या दातांखाली, पाण्याची पिशवी असते तशी. बाईंनी समजावलं. "आता तू सांग." मी घडाघडा सांगितलं. भूल, चीर, पिशवी काढणं, दोन दात कदाचित मरणं, क्वचित ओठ बधिर. इतक्यांदा ऐकलं होतं की पाढ्यासारखं पाठ होतं. मला वाटलं, बाई खूश होतील.

त्या म्हणाल्या, "पाठ आहे. पण सुलभा, तुला नको म्हणता येईल का?"

"तुम्हाला कसं नको म्हणू?" मी म्हटलं. ते अगदी मनापासून होतं.

बाईंचा चेहरा उतरला. "मग हे तुझं हो म्हणणं मला घेता येत नाही." त्यांनी मला आठ दिवस दवाखान्यात यायचं नाही असं सांगितलं. पगार चालू राहील, काम गेलेलं नाही, असं तीनदा बजावलं. "घरी बस. नको असेल तर येऊन नको म्हण. पुण्याला दुसऱ्या कुणाकडं करायचं असेल तर चिठ्ठी देते." मी रस्त्यानं रडत गेले. मला वाटलं, काढूनच टाकलं. घरी बसून बसून, एरवी कामाच्या नादात जे मनात येत नव्हतं ते यायला लागलं.

आठ दिवसांनी जिना चढून गेले आणि दारातच म्हणाले, "बाई, मी मेले तर माझ्या मुलीला गावाला कोण पोचवणार? ह्यांना रजा मिळत नाही. आणि आमच्या गावाला कसं जायचं ते इथं कुणाला माहीत नाही."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, वेडी आहेस का, एवढ्याशा गाठीनं कुणी मरतं का. बाईंनी स्टूल ओढलं. "तसं होणं फार फार दुर्मीळ आहे. पण कधीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. झालं, तर मी पोचवीन. सांग, गाडी कुठं बदलायची?" मी सांगत गेले. साताऱ्याला उतरायचं, चिपळूणची गाडी धरायची, तिथून गुहागरची, मग खाडीवर होडी नाही मिळाली तर वळसा घालून रस्ता. त्यांनी प्रत्येक ठिकाण परत म्हणून दाखवलं, एक चुकलं ते मी दुरुस्त केलं. वडलांचं नाव विचारलं. मग मी म्हटलं, "आता करा." ते माझं आयुष्यातलं पहिलं असं हो होतं, जे भीड म्हणून नव्हतं. दोन दातांपैकी एक वाचला.

आणि मग एका सकाळी तात्या आले. एकटेच. फेटा तोच, पण माणूस वाळलेला. बाकावर बसले, मी हाक मारायची वाट बघत. मी जवळ जाऊन म्हटलं, "चला तात्या." ते म्हणाले, "संगं कुनी न्हाय. चालंल का?"

तंबाखू धरायची त्या जागी गालात आतून पांढरा कडक चट्टा होता. बाईंनी छोटा तुकडा काढून पुण्याला पाठवला. निकाल वाईट आला. बाईंनी त्यांना बोलावलं, दार लावलं. मी आत होते. त्यांनी काहीही मऊ केलं नाही, पण आवाज मऊ होता. मग म्हणाल्या, "तात्या, आता तुम्ही सांगा."

तात्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. "गालात वाईट रोग हाय. पुन्याला जाऊन गाल कापावा लागंल, जबड्याचं हाड बी थोडं. तोंड वाकडं दिसंल, बोलनं बोबडं व्हईल. कापलं तर वाचायचा चान्स हाय. न्हाय कापलं तर वरीसभरात मी जानार. जाताना हाल व्हत्याल."

"बरोबर."

"मग न्हाय."

बाईंना वाटलं, ऐकण्यात काही राहिलं. तात्या म्हणाले, "राहिलं न्हाय काय. तुमी लई चांगलं सांगितलं. न्हाय म्हनतोय मी." दारात थांबून वळले. "आन् भिवाला ह्ये कळता कामा न्हाय. सबूद द्या."

बाईंनी शब्द दिला. माझ्याकडंही बघितलं. मीही दिला.

त्या दिवशी बाई खिडकीशी उभ्या राहिल्या, डबा उघडलाच नाही. "एवढ्या वर्षांत इतकं नीट समजून घेतलेला पेशंट मी पाहिला नाही, सुलभा. आणि तो नाही म्हणून गेला."

"भिवाला सांगू या की. तो खांद्यावर टाकून नेईल."

"माहीत आहे मला." बाई म्हणाल्या. "पूर्वीसारखं असतं, तर मी घरच्या माणसाला बोलावलं असतं, त्यानं यांना नेलं असतं, आणि हे वाचलेही असते."

गुरुवारच्या बाजारात मला भिवा भेटला. मेंढरू विकायला आला होता. हनुवटीला रुमाल दाबून धरायची आता त्याला सवयच झाली होती. "बाई बऱ्या हायत का?" म्हणाला. मग इकडं तिकडं बघून, "तात्या तुमच्या दवाखान्यात गेल्याला कुनी बघितला म्हनं. दाढ हाय का?"

बाजाराचा गलका चालला होता. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी म्हटलं, "कितीतरी माणसं येतात, भाऊ. लक्षात कुठं राहतंय."

"व्हय, त्ये बी खरंच," तो म्हणाला. जरा थांबला, आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून. मी मेथीची जुडी बघत राहिले. तो गेला, आणि मला वाटलं, तात्यांनी याच्याशी जे केलं तेच आज मी केलं. त्याच्या घरचं मला ठाऊक, आणि तो बाकावर.

मी हे बाईंना बोलून दाखवलं. "मग तात्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?"

बाई म्हणाल्या, "तात्यांनी भिवाचं भिवापासून लपवलं. हे तात्यांचं आहे, त्यांनी ठरवायचं. फरक आहे, सुलभा." मग हत्यारं पुसता पुसता म्हणाल्या, "पण घरी गेल्यावर तो फरक मला पुरत नाही."

त्यांनी मग एकच गोष्ट सुरू केली. दर सोमवारी सणसर. समजावायला नाही. समजावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नुसतं जायचं, बाजेवर बसायचं. मी एकदा बरोबर होते. तात्यांनी लांबून बघितलं आणि ओरडले, "आलात? बसा. न्हाय!" बाईंनी अजून चप्पल काढली नव्हती. चहा झाला. तात्या उसाची तोड कधी येणार यावर बोलले, बाई ऐकत राहिल्या. निघताना तात्यांनी मधेच विचारलं, "तोंड वाकडं म्हंजी कुठनं कुठवर?" बाईंनी स्वतःच्या गालावर बोट फिरवून दाखवलं. कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, जसं आहे तसं. तात्यांनी बघितलं, मान हलवली, आणि "बरं, या," म्हणाले. वाटेत मी चिडले. "एकदा तरी जोर करून सांगा की हो त्यांना!" बाई म्हणाल्या, "नाही म्हणतात ते मला ऐकायला हवं. ऐकायचं म्हणजे एकदाच ऐकायचं, असं कुठं आहे?"

त्याच हिवाळ्यात माझ्या नवऱ्याला वापीला काम लागलं. घर आवरलं, सामान टेम्पोनं पुढं गेलं. बाईंचा निरोप मी आदल्या दिवशी घेतला होता. त्यांनी मुलीच्या दातांवर शेवटचा एकदा आरसा फिरवला, मला काही बोलू दिलं नाही. आम्ही पुण्याच्या गाडीत बसलो तो सोमवार होता. गाडी सुटायला वेळ होता. तेवढ्यात इंदापूरकडची एस.टी. येऊन थांबली, आणि तिच्यातनं बाई उतरल्या.

त्यांच्या हातात हरभऱ्याचा हिरवा ढाळा होता, मुळासकट उपटलेला, माती लागलेला. तात्यांच्या घरनं कधी मोकळ्या हातानं पाठवलं नाही त्यांना. बाई चालता चालता घाटे तोडून खात होत्या, एखाद्या शाळेतल्या मुलीसारख्या, कुठं बघत नव्हत्या. मी खिडकीतनं हाक मारली. त्या जवळ आल्या. निम्मा ढाळा मोडून मुलीच्या हातात दिला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"नाहीच म्हणाले." मग खाली बघून म्हणाल्या, "पण आज का नाही, ते सांगितलं."

"का?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी होते. प्रत्येक पेशंटचं सगळं माझ्या कानावर पडत आलं होतं. मला खात्री होती, सांगतील. त्यांचे ओठ हललेही.

"ते तुला नाही सांगायचं, सुलभा."

कंडक्टरनं घंटी मारली. मला बाईंचा हात धरायचा होता, तो राहिला. गाडी वळण घेत असताना मी मान बाहेर काढून बघितलं. बाई घराकडं निघाल्या नव्हत्या. ढाळा काखेत धरून चौकशीच्या खिडकीत वाकून काहीतरी विचारत होत्या. आतल्या माणसानं हात लांब करून दाखवला, तो पुन्हा इंदापूरच्याच फलाटाकडं, सणसरची गाडी लागायची तिथं.